जुजबंदीवाले मामा, गणपत गल्लीच्या मागं, बेळगाव: जुनी पत्रं बांधून घ्यायची असतील तर इथंच जावा

पाच स्टार दिलेत आणि विचार करून दिलेत. लिहिताना लांबणार हाय कारण काम तसं होतं, म्हणून ज्यांना नुसतं मुद्द्याचं पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगते. जुनी वही, पोथी, पत्रं, दस्त, काहीही बांधायचं असेल आणि त्यातली एक ओळसुद्धा जाऊ नये असं वाटत असेल तर बाइंडिंग करणाऱ्या या मामांकडं जावा. चार दिवसांत पाहिजे असेल तर जाऊ नका.

दुकान शोधायला त्रास होतो. गणपत गल्लीच्या मागच्या बोळात अर्धं शटर नेहमी खाली असतं, वरची कन्नड पाटी इतकी उडालीय की ‘बाइंडिंग’ एवढंच कसंबसं वाचता येतंय. आत गेलं की आधी खळीचा वास येतो. मैद्याची खळ मामा रोज सकाळी स्वतः शिजवतात आणि त्यात मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. दोन शिकंजे (पुस्तकं दाबून ठेवायचे), एक हाताचं कटिंग मशीन, भिंतीला शाळांची मस्टरं, वकिलांची रजिस्टरं, एक ज्ञानेश्वरी, कन्नड पुराणाची एक पोथी, सगळं एकाच रांगेत दाबून ठेवलेलं. मामा घरी कन्नड बोलतात, आमच्याशी आपलं बेळगावी मराठी.

मी घेऊन गेले होते ती दोन बोचकी. एक आमच्या आप्पांचं, एक भाऊंचं.

आप्पा म्हणजे माझे थोरले मामा, आईचे भाऊ, पण त्यांना सगळं गाव आप्पाच म्हणायचं. टपाल खात्यात सॉर्टर होते, लग्न केलं नाही, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ दोन खोल्यांत राहायचे आणि कथा लिहायचे. उन्हाळ्यात पण बंद गळ्याचा कोट. चहा सहाला दहा कमी असताना, त्याआधी नाही नि नंतर नाही. कथा आखीव फुलस्केप कागदावर, एका बाजूला, समासात तारीख, आणि लिहून झाली की ट्रंकेत. छापायला पाठवायची म्हटलं की त्यांचा चेहराच उतरायचा. लोकांत बोलायचं तर नावच नको.

भाऊ म्हणजे आप्पांचे मित्र, शहापूरचे, पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मराठी पण आणि कन्नड पण, दोन्ही लिपीत हात सारखाच वळायचा. आणि कविता. कविता कशावर लिहितील सांगता यायचं नाही. चुरमुऱ्याच्या पुड्याचा कागद, लग्नपत्रिकेची मागची बाजू, बसचं तिकीट, सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, पाटीच्या डिझाइनचा ट्रेसिंग पेपर. त्यावर कधी निळ्या ऑइलपेंटचा अख्खा अंगठा उठलेला. पैसे आले की त्याच दिवशी संपवायचे, बहुतेक दुसऱ्यावर. एकदा सायकल विकली आणि एका नाटक कंपनीच्या पडद्यांचं बिल भागवलं, त्या कंपनीशी यांचा संबंध एवढाच की पडदे यांनी रंगवले होते आणि त्याचे पैसे यांनाच मिळाले नव्हते! रात्री बाराला दार वाजलं की आमची आज्जी झोपेतच म्हणायची, भाऊ आला, दार उघड.

ह्या दोघांची मैत्री चाळीस वर्षांवर टिकली. आप्पा भाऊंना शेवटपर्यंत अहो-जाहो करायचे आणि भाऊ आप्पांना अरे-तुरे. दोघांच्या घरात चालत अर्ध्या तासाचं अंतर, तरी आप्पा पोस्टकार्ड टाकायचे. समोर बसलं की भाऊच बोलणार, मग माझं बोलून कधी व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांची मैत्री पण पत्रांतूनच वाढली की, हा दाखला ते दरवेळी द्यायचे. जी. ए. त्यांचा जीव की प्राण होते, आपल्या एकसंब्याचे म्हणून तर होतेच, पण त्याहून जास्त, धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले आणि सभा, सत्कार, फोटो यांपासून लांब राहिले म्हणून. भाऊंचं दैवत पण धारवाडातलंच, पण दुसऱ्या टोकाचं. द. रा. बेंद्रे, घरात मराठी बोलणारा माणूस आणि कन्नडातला एवढा मोठा कवी की १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. भाऊ बेंद्र्यांच्या ओळी रस्त्यात उभं राहून मोठ्यानं म्हणायचे, म्हणताना पाय आपोआप ठेका धरायचा. आप्पा तेवढ्या वेळात चार पावलं पुढं जाऊन थांबायचे, पण थांबायचे.

कडोलीचं साहित्य संमेलन म्हणजे दोघांचा सण. येळ्ळूर, उचगाव, सांबरा पण करायचे, पण कडोली चुकायचं नाही. भाऊ कविसंमेलनात नाव नसताना पण स्टेजवर जायचे आणि आप्पा मांडवाच्या मागं, चहाच्या पातेल्याजवळ उभं राहून ऐकायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर तिथंच उभी असायची. भाऊंची कविता सुरू झाली की आप्पांचे ओठ हलायचे, सगळी पाठ.

आता कामाकडं येते. आप्पा गेले त्याला आता सहा वर्षं होतील. ट्रंकेत कथा होत्या आणि खाली बुटाच्या चार खोक्यांत भाऊंकडून आलेला प्रत्येक चिठोरा. मी भाऊंना विचारलं तर त्यांनी पण सिमेंटच्या एका पोत्यातनं आप्पांची सगळी पोस्टकार्डं काढून दिली, निम्म्यांवर रंगाचे डाग, पण सगळी. भाऊंनी आयुष्यात दुसरं काहीच जपून ठेवलेलं मला माहीत नाही.

आधी मी एक चूक केली, ती इथं लिहायलाच पाहिजे कारण तुम्ही ती करू नये. सुरुवातीला एक खोकं मी दुसऱ्या एका दुकानात दिलं, नाव लिहीत नाही. तिथं सगळं सारखं दिसावं म्हणून तिन्ही बाजूंनी मशीनवर कापलं, पाठीला गरम गोंद लावला आणि दुसऱ्या दिवशी हातात दिलं, दिसायला एकदम चकाचक. घरी येऊन उघडलं तर अकरा कवितांचे वरचे कोपरे गेलेले. त्या कोपऱ्यांत काय होतं ते मला तेव्हा माहीत पण नव्हतं. महिनाभरात गोंद तडकला आणि पानं सुटायला लागली ती वेगळीच.

तेच सुटलेलं बाड घेऊन मामांकडं गेले. त्यांनी चष्मा वर केला, पान उन्हाला धरलं आणि पहिलं काय बोलले तर, “ताई, हे कापायचं न्हवतं की ओ. हे बघा, हितं पेन्सिल हाय.”

प्रत्येक चिठोऱ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या बारीक अक्षरात, पेन्सिलनं तारीख आणि वेळ. आप्पांच्या हातची. भाऊ कशावरच तारीख घालायचे नाहीत, पण त्यांनी दिलेला प्रत्येक कागद आप्पांनी मिळाल्याबरोबर नोंदवलेला, जसं टपालावर शिक्का मारतात तसं. ‘१४.६.८५, रात्री ११.४०.’ खोकी मी दहा वेळा चाळली होती आणि मला ते दिसलंच नव्हतं. मामांना उभ्या उभ्या दिसलं.

माझा विचार होता की दोन वेगळी पुस्तकं करायची, आप्पांचं एक, भाऊंचं एक. मामांनी दोन दिवस काहीच केलं नाही, नुसतं सगळं सतरंजीवर मांडून बघत बसले. तिसऱ्या दिवशी फोन आला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या फोनवरनं कारण मामांकडं मोबाइल नाही. “ताई, हे वेगळं करू नका. ह्यात हा विचारतोय आणि त्यात तो सांगतोय. दोन पुस्तकं केली की दोन्ही मुकी व्हतील.” मी रिक्षा करून गेले. त्यांनी पेन्सिलच्या तारखेप्रमाणं दोघांचे कागद एकाखाली एक लावले होते, आणि मग खाली बसून मी जे वाचत गेले ते दुपारी दोनपासनं दिवा लावेपर्यंत.

एक उदाहरण सांगते. १९८६ च्या पावसाळ्यात भाऊंनी एक कविता दिली, त्यात ‘जडी’ असा शब्द, सतत लागून राहणाऱ्या पावसाला. आप्पांचं पोस्टकार्ड दुसऱ्या दिवशीचं, त्यावर मजकूर एकच शब्द: ‘झड’. त्याला भाऊंचं उत्तर बसच्या तिकिटामागं: ‘जडी’. मग आप्पांचं परत एक कार्ड, ‘मराठीत झड. झडीचा पाऊस.’ भाऊ चुरमुऱ्याच्या कागदावर, ‘माझी आई जडी म्हणायची, शेजारची कन्नड अव्वा पण जडीमळे म्हणायची, पाऊस दोघींच्या कौलावर एकच पडायचा.’ हे असं आषाढ, श्रावण, भादवा. आप्पांनी मग सार्वजनिक वाचनालयात जाऊन कोश उलटले, शं. बा. जोशींचं काढून वाचलं (आपल्या सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचा हा संशोधक, कन्नड-मराठीच्या जुन्या नात्यावर त्यांनी जन्म घालवला), आणि चार कार्डं भरून टिपणं पाठवली, पण माघार घेतली नाही. भाऊंनी पण नाही. दसऱ्याला दोघांनी एकमेकांना सोनं दिलं आणि विषय संपला असं घरात सगळे धरून चालले होते.

आता तारखेनं लावल्यावर काय दिसलं, तर १९८९ मधली आप्पांची एक कथा, फुलस्केपवर, समासात तारीख, आणि तिसऱ्या पानावर पहिलंच वाक्य, ‘तीन दिवस जडी लागली होती.’ कुठं खुलासा नाही, खाली टीप नाही. आणि त्याच कथेच्या कागदाला चार घड्या. आप्पा कथेच्या कागदाला घडी घालतील हे शक्यच नाही. ती घडी भाऊंची. हीच ती कथा जी भाऊंनी ट्रंकेतनं गुपचूप काढून, शर्टाच्या खिशात घालून नेली, रात्रभर बसून स्वतःच्या हातानं नक्कल केली आणि दिवाळी अंकाला पाठवून दिली. छापून आल्यावर आप्पा दोन महिने बोलले नव्हते हे मला आठवतंय. त्यांच्या आयुष्यात छापलेल्या कथा चार, चारही अशाच गेलेल्या. त्या दोन महिन्यांत पण भाऊंचे चिठोरे येतच होते आणि आप्पा बोलत नसले तरी कोपऱ्यात तारीख पडतच होती. त्यातल्या एकावर भाऊंनी चिडून लिहिलंय, ‘कवितेवर तारीख घालायला मी काय पार्सल हाय काय रे?’ त्याच्या पण वर पेन्सिल, ‘३.१२.८९, सकाळी ८.१५.’

बाइंडिंगचं तांत्रिक ज्यांना लागतंय त्यांच्यासाठी थोडं. पोस्टकार्ड चौदा बाय नऊ सेंटिमीटर, फुलस्केप त्याच्या किती मोठा, आणि बसचं तिकीट दोन बोटांचं. हे एकत्र शिवायचं कसं? मामांनी प्रत्येक लहान कागदाला जुन्या खादी कागदाची पट्टी लावली, पट्टी शिलाईत घेतली, मूळ कागदाला सुई लागूच दिली नाही. असं मधे मधे चिकटवलं की पुस्तकाचं पोट सुटतं, समोरनं फुगतं आणि पाठीकडं बारीक राहतं, म्हणून पाठीकडं पण तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या भरल्या. मग दोऱ्याची जुजबंदी, म्हणजे आठ-आठ पानांचे जुज (गठ्ठे) करून ते फितीवर शिवले. सगळ्या गंजक्या टाचण्या आणि पिना काढल्या. मी कधीतरी सेलोटेप लावला होता तो वाफ देऊन सोडवायला त्यांना एक अख्खी सकाळ गेली, त्याबद्दल मात्र मी चांगलं ऐकून घेतलं. ऑइलपेंटचे अंगठे समोरच्या पानावर उठू नयेत म्हणून तिथं बटर पेपर. कडा कापल्या नाहीत, त्यामुळं पुस्तक बाजूनं बघितलं तर खालीवर दिसतं, कुठं कार्डाची कड आत, कुठं फुलस्केप बाहेर. ज्यांना गुळगुळीत पाहिजे त्यांना आवडणार नाही. मला तसंच पाहिजे होतं.

सगळ्यात अवघड होती ती रेल्वेची दोन तिकिटं, जुनी, पुठ्ठ्याची, १९८४ ची, बेळगाव ते धारवाड. तेव्हा आपल्याकडं मीटरगेज होतं, गाडी खानापूर, लोंढा करत जायची. दोघं मिळून एकदाच गेले होते, आप्पांना जी. ए. शिकवायचे ते कॉलेज बाहेरनं बघायचं होतं, नुसतं बाहेरनं, आत जायचं नव्हतं, आणि भाऊंना बेंद्र्यांचं साधनकेरी. आप्पा रस्त्याच्या पलीकडं झाडाखाली पाऊण तास उभे होते म्हणे आणि भाऊंनी तो पाऊण तास तोंडातनं एक शब्द काढला नाही, हे आप्पा आम्हाला नेहमी सांगायचे. पुढं साधनकेरीच्या तळ्याकाठी भाऊ अंधार होईपर्यंत म्हणत बसले आणि परतीची गाडी चुकली, रात्र स्टेशनवर. आप्पांच्या अख्ख्या आयुष्यात चुकलेली ती एकच गाडी. तिकिटाच्या मागं भाऊंच्या अक्षरात दोन ओळी आहेत, त्या इथं लिहीत नाही, त्या त्यांच्या आहेत. पुठ्ठा वाकत नाही म्हणून मामांनी त्याच पानाला कापडाचा एक छोटा खिसा शिवून दिला, काढून बघता येतं आणि परत ठेवता येतं.

कोपरे कापले गेलेल्या त्या अकरा कवितांचं काय करायचं हा प्रश्न राहिला. मी म्हटलं अंदाजानं कुठंतरी लावू. मामा म्हणाले, “अंदाजानं न्हाई. त्या आप्पांनी कधी अंदाजानं घातली न्हाई तारीख.” त्या शेवटी वेगळ्या लावल्यात, एका कोऱ्या पानानंतर.

कव्हरसाठी मामांनी घरातलं जुनं कापड आणायला सांगितलं, रेक्झीन नको म्हणाले, आपल्याकडच्या पावसात त्याला बुरशी धरते. मी आप्पांचा कोट नेला. पुठ्ठ्यावर तो चढवला आणि पाठीला भाऊंच्या रंगाच्या फडक्याची पट्टी, निळे-लाल डाग तसेच. सोनेरी अक्षरं नको म्हटलं, नावच नाही घातलं.

आता पैसे आणि गैरसोयी. दिवस लागले सव्वीस. सांगितले होते पंधरा. त्यातले सहा दिवस नुसते शिकंज्यात, कारण मधेच पाऊस झाला आणि खळ वाळेना. आषाढ-श्रावणात ते असलं काम घेतच नाहीत, दिवाळीनंतर जावा. एकूण घेतले अठराशे पन्नास, दोनशे चौदा कागद होते, त्यामानानं काहीच नाही, मी जास्त द्यायला गेले तर घेतले नाहीत. फोनपे वगैरे चालत नाही, रोख न्या. पावती कच्च्या कागदावर. दुपारी दीड ते चार बंद. रविवारी उघडं असतं पण सोमवारी नसतं, मी एकदा रिकाम्या हातानं परत आले. दुकानात बसायला जागा नाही. आणि घासाघीस करू नका, ते गप्प होतात आणि काम परत हातात देतात, माझ्यासमोर एकाला दिलं. तरुण कुणी हाताखाली नाही, एक मुलगा यायचा तो आता फ्लेक्सच्या दुकानात जातो. त्यामुळं ज्यांच्या घरात ट्रंकेत काही पडून असेल त्यांनी उद्या-परवा करू नका, मी सहा वर्षं केलं आणि त्यात वाळवी एक खोकं अर्धं खाऊन गेली.

एक सूचना मामांनी स्वतःहून केली ती फार आवडली. शेवटी कोरी पानं किती घालू विचारलं. मी म्हटलं दोन-चार. त्यांनी सोळा घातली, दोन अख्खे जास्तीचे जुज. कशाला म्हटलं तर म्हणाले, “त्यातले एक जण हाईत न्हवं अजून?”

पुस्तक हातात आलं त्याच संध्याकाळी शहापूरला गेले. भाऊ आता ब्याऐंशीचे, नजर कमी झालीय, पाट्या बंद होऊन वर्षं झाली. त्यांनी आधी कोटाच्या कापडावरनं हात फिरवला, मग मला म्हणाले कोपरा दाखव. मी भिंग दिलं. एक एक कोपरा बघत गेले, कविता वाचत नव्हते, नुसत्या तारखा, मोठ्यानं. रात्री ११.४०. सकाळी ८.१५. मधेच थांबून विचारलं, “ही वेळ घड्याळ बघून घालायचा काय गं तो?” मी म्हटलं हो, ट्रंकेवर टायमपीस असायचं. पुढं काही बोलले नाहीत. निघताना मी पुस्तक पिशवीत घालायला गेले तर त्यांनी मांडीवरनं काढू दिलं नाही, पेन्सिल हाय काय विचारलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. पुस्तक अजून त्यांच्याकडंच आहे, म्हणून फोटो टाकता आलेला नाही. परत मिळालं की बाइंडिंगचे, पाठीच्या शिलाईचे आणि तिकिटाच्या खिशाचे फोटो इथंच टाकते.